एका नकाराची कुळकथा

रशियन भाषेचीं पहिलीं पुस्तकें चाळूं लागतांच आमच्यापुढें एक लहानसें कोडें उभें राहिलें. त्या भाषेंत ‘क्तो’ म्हणजे कोण, आणि ‘निक्तो’ म्हणजे कोणीही नाहीं. येथवर सर्व ठीक. परंतु पुढें ‘न्येक्तो’ हा शब्द येतो. नकारार्थी ‘न्ये’ आधींच पाठ झालेला असल्यामुळें विद्यार्थी याचाही अर्थ ‘कोणी नाहीं’ असाच करूं जातो, आणि फसतो. ‘न्येक्तो’ म्हणजे ‘कोणी एक’! ‘न्येक्तो इव्हानोव्ह’ म्हणजे ‘इव्हानोव्ह नांवाचा कोणी एक गृहस्थ’. ज्या शब्दाच्या आरंभीं नकार दिसतो त्यांतून माणूस नाहींसा व्हावयाचा, तो उलट प्रकट कसा होतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

हें कोडें एकट्या रशियन भाषेचें नव्हे. ‘कोणी’ या अर्थीं चेक भाषेंत ‘न्येग्दो’, स्लोव्हाक भाषेंत ‘न्येक्तो’, सर्बियन भाषेंत ‘नेको’, स्लोव्हेनियन भाषेंत ‘नेकदो’ आणि बल्गेरियन भाषेंत ‘न्याकोय’ असे शब्द आहेत. पोलिश भाषेंत ‘कांहीं, कित्येक’ या अर्थाचें ‘न्येक्तुरी’ हें विशेषण याच उपसर्गापासून झालें आहे. स्लाव्ह कुलाच्या पूर्व, पश्चिम व दक्षिण या तिन्ही शाखांत तो आढळतो, त्यावरून या शाखा विभक्त होण्यापूर्वीं तो सिद्ध झाला असावा, हें अनुमान सहज निघतें.

आतां हा उपसर्ग म्हणजे साधा नकारच काय? जुन्या लिपीनें याचें उत्तर जपून ठेविलें आहे. प्राचीन स्लाव्ह धर्मग्रंथांच्या हस्तलिखितांत नकारार्थी ‘ने’ साध्या ‘ए’नें लिहीत, तर या उपसर्गांतील स्वर ‘यात्’ नांवाच्या निराळ्या अक्षरानें लिहीत. रशियन लिपींतून १९१८ च्या सुधारणेनें ‘यात्’ काढून टाकलें, आणि दोहोंचें लेखन एक होऊन विद्यार्थ्याची फसगत सोपी झाली. बल्गेरियन माणसाच्या तोंडीं मात्र भेद अद्याप जिवंत आहे: त्याचा नकार ‘ने’, पण उपसर्ग ‘न्या’. चेक लोकही पहिला ‘ने’ व दुसरा ‘न्ये’ असा उच्चारतात. तेव्हां उपसर्गांत नकार असला तरी नकाराखेरीज आणखी कांहींतरी त्यांत मुरलेलें आहे, हें उघड होय.

तें कांहींतरी कोणतें? पुष्कळ भाषापंडितांचें मत असें आहे कीं, मूळचें वाक्य ‘ने वे कुतो’, म्हणजे ‘न जाणें, कोण’ असें असून तेंच आकसून एक शब्द झालें. यांतील ‘वे’ हें ‘जाणणें’ या अर्थाच्या धातूचें रूप. प्राचीन स्लाव्ह भाषेंत ‘मी जाणतों’ याला ‘वेदे’ असेंही म्हणत. आपल्या संस्कृतांतील ‘वेद’ हें त्याचें सख्खें भावंड. ही उपपत्ति खरी असेल तर तो उपसर्ग म्हणजे आपलें ‘न वेद’च होय, आणि ऋग्वेदांतील नासदीय सूक्त न जाणण्याच्या ज्या शब्दांवर येऊन थांबतें, तेच शब्द स्लाव्ह शेतकरी ‘कोणीतरी आलें आहे’ असें सांगतांना नकळत उच्चारतो!

या मतावर आक्षेप नाहींत असें नाहीं. मधला ‘व’ कोणत्याही सर्वसामान्य नियमानें गळत नाहीं, हा त्यांतील मुख्य. परंतु नित्याच्या वापरांतील शब्द नाण्यांप्रमाणें झिजतात. ‘झ्द्राव्स्त्वुय्त्ये’ हा रशियन अभिवादनाचा शब्द रोजच्या बोलण्यांत ‘झ्द्रास्त्ये’ एवढाच उरतो, हें सर्वांस ठाऊक आहे. शिवाय इतर भाषांची साक्ष या मतास अनुकूल आहे. लॅटिनमध्यें ‘नेस्किओ क्विस’, म्हणजे ‘मी न जाणें कोण’, हेंच ‘कोणी एक’ या अर्थीं रूढ झालें. ‘नेस्किओ क्विद’पासून रुमानियन भाषेंतील ‘कांहीं’ या अर्थाचा ‘निश्ते’ निघाला. प्राचीन नॉर्स लोकांचें ‘मी न जाणें कोणता’ हें वाक्य तर इतकें झिजलें कीं आइसलंडी भाषेंतील ‘नोक्कुर’ या शब्दांत तें आतां कोणास ओळखूंही येत नाहीं.

रशियन भाषेनें ‘कोणी’ म्हणण्याच्या आणखीही वाटा काढल्या. ‘क्तो-निबूद्य’ यांतील ‘बूद्य’ हें ‘असणें’ या अर्थाच्या क्रियापदाचें रूप, आपल्या ‘भू’ धातूचें नातलग. म्हणजे ‘कोणी का असेना’. ‘क्तो-लिबो’ यांतील ‘लिबो’ हें ‘ल्यूबो’, म्हणजे ‘आवडेल तो’; लॅटिन ‘क्विलिबेत’मधील ‘लिबेत’ आणि आपला ‘लुभ्’ धातु एकाच मुळाचे. मार्टिन हास्पेलमाट यांनीं १९९७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत जगांतील नानाविध भाषांतील अशा सर्वनामांचा तौलनिक विचार केला, त्यांतही हेच उगम दिसून आले: ‘न जाणें’, ‘वाटेल तो’, ‘असो कोणीही’ आणि ‘पर्वा नाहीं’.

येथें मराठी वाचकाच्या ओठांवर ‘कोण जाणे’, ‘वाटेल तो’, ‘कोणी का असेना’ हे आपले प्रयोग आल्यावांचून राहणार नाहींत, आणि याच ठिकाणीं सावध राहिलें पाहिजे. साम्य दिसलें कीं नातें जोडावयाचें, ही आमच्याकडील हौशी व्युत्पत्तिकारांची जुनी खोड आहे. स्लाव्ह ‘वेदे’ आणि संस्कृत ‘वेद’ यांचें नातें रक्ताचें आहे, कारण तें ध्वनींच्या नियमांनीं सिद्ध होतें. पण ‘न्येक्तो’ आणि ‘कोण जाणे’ यांचें नातें तसें नव्हे. ते दोन निरनिराळ्या घरांत, एकाच गरजेपोटीं, स्वतंत्रपणें जन्मलेले प्रयोग आहेत. पहिल्या साम्यावरून पूर्वजांचा शोध लागतो. दुसऱ्यावरून मनुष्याच्या मनाचा. दोन्ही शोध मोलाचे आहेत, परंतु एकाचा पुरावा दुसऱ्याच्या खटल्यांत चालत नाहीं.

आरंभींचें कोडें आतां सुटतें. ‘निक्तो’ माणसाचें अस्तित्व नाकारतो. ‘न्येक्तो’ बोलणाऱ्याचें ज्ञान नाकारतो. दारांत कोणी आहे हें निश्चित. तो कोण हें आम्ही जाणत नाहीं, एवढेंच त्या नकारानें म्हटलें होतें. पुढें ही कबुली विसरली गेली आणि अनोळखी पाहुणा तेवढा उरला. व्याकरणाच्या कोष्टकांत जो एक निर्जीव उपसर्ग म्हणून पाठ करावा लागतो, तो कोणे काळीं एका माणसानें दुसऱ्यास प्रामाणिकपणें दिलेलें उत्तर होता, हें ध्यानांत आल्यावर तें कोष्टक पाठ करणें आम्हांस तरी पूर्वीइतकें कंटाळवाणें वाटलें नाहीं.