राजमुद्रा आणि राजसत्ता



आमच्या करमाळ्याचा भुईकोट किल्ला रावरंभा निंबाळकरांच्या घराण्याचा. रावरंभा हे निजामाचे सरदार. निजाम स्वतःस दिल्लीच्या बादशहाचा सुभेदार म्हणवी. आणि बादशहाची सत्ता तर दिवसेंदिवस दिल्लीच्या तटाआड आकसत चाललेली! नांव एकाचें व हुकूम दुसऱ्याचा, हा प्रकार अठराव्या शतकांत आमच्या मुलखास नित्याचा होता. इंग्लंडच्या राजाविषयीं, तो गादीवर बसतो पण कारभार करीत नाहीं, असें म्हणतात. मग साताऱ्याचे छत्रपति हेहि तसेच सनदशीर राजे होते काय, असा प्रश्न सहजच मनांत येतो.

या प्रश्नाचें उत्तर आमच्याच जिल्ह्यांत, सांगोल्यास शोधावें लागतें. शाहू महाराज १५ डिसेंबर १७४९ रोजीं निवर्तले व रामराजे गादीवर आले. पुढच्याच वर्षीं प्रतिनिधींचा मुतालिक यमाजी शिवदेव पेशव्यांविरुद्ध उठला आणि सांगोल्यास ठाण मांडून बसला. त्याच्या पारिपत्यासाठीं सदाशिवरावभाऊ रामराजांस बरोबर घेऊन तेथें गेले. बंड मोडलें, आणि त्याच ठिकाणीं रामराजांनीं राज्यकारभाराचे अधिकार पेशव्यांच्या हवालीं केले. साताऱ्यास परततांच ताराबाईंनीं त्यांना किल्ल्यांत अटकेंत ठेविलें. १७७७ मध्यें ते वारले, तोंवर राजमुद्रा त्यांची होती; राज्य मात्र पुण्याहून चाले.

तरीहि त्या मुद्रेचें मोल कमी नव्हतें. प्रत्येक नवा पेशवा साताऱ्याहून पेशवाईचीं वस्त्रें आणवी. पण जें पेशव्यांनीं छत्रपतींचें केलें, तेंच पुढें कारभाऱ्यांनीं पेशव्यांचें केलें. सवाई माधवरावांच्या नांवानें नाना फडणविसांनीं राज्य चालविलें. अखेर २० फेब्रुवारी १८१८ रोजीं आष्टीच्या लढाईंत बापू गोखले पडले आणि छत्रपति प्रतापसिंह इंग्रजांच्या हातीं सांपडले. इंग्रजांनीं त्यांस साताऱ्याच्या गादीवर बसविलें, १८३९ मध्यें पदच्युत केलें आणि १८४८ मध्यें तें राज्यहि खालसा केलें.

इंग्लंडांत काय घडलें? १६८९ च्या हक्कांच्या सनदेनें ठरलें कीं, पार्लमेंटच्या संमतीवांचून राजानें कर बसवावयाचा नाहीं व कायदा स्थगित करावयाचा नाहीं. पुढें सत्ता मुख्य प्रधानाकडे गेली. पण तो प्रधानहि पार्लमेंटास जबाबदार राहिला. बॅजट या लेखकानें १८६७ मध्यें राजाचे तीन हक्क सांगितले: प्रधानांनीं त्याचा सल्ला घ्यावा, त्यानें त्यांस उत्तेजन द्यावें आणि प्रसंगीं इशारा द्यावा. सांगोल्यास राजाचे हात बांधले गेले खरे. परंतु बांधणाराचे हात कोणीं बांधावयाचे, हें ठरलें नाहीं. सत्तेनें धनी बदलला. नियम असा कोणताच आला नाहीं.

आतां नियतीचें कौतुक पाहा. ज्या प्रतिनिधींच्या मुतालिकाचें बंड सांगोल्यास मोडलें, त्यांचेच वंशज भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे औंधचे राजे. सांगोल्याला लागून असलेली आटपाडी त्यांच्याच संस्थानांत होती. मुलूख पांचशें चौरस मैलांचा, वस्ती सुमारें पाऊण लाखाची. १९३८ च्या नोव्हेंबरांत त्यांनीं आपले अधिकार प्रजेस देण्याचें जाहीर केलें व १९३९ च्या जानेवारींत तसा कायदा झाला. त्याच्या रचनेंत गांधीजींचा सल्ला होता. राजपुत्र आप्पासाहेब पंत व पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन यांचे श्रम होते. गांवोगांव निवडलेल्या पंचायती, त्यांवर तालुक्याच्या समित्या व त्यांवर विधिमंडळ, अशी ती व्यवस्था होती. मताधिकार साक्षरतेशीं जोडला होता. माझ्यासारख्या शाळामास्तरास ही गोष्ट विशेष वाटते. राजाचा प्रतिनिधि म्हणून ज्यांच्या पूर्वजांनीं मानाचें पद भूषविलें, त्यांनीं प्रजेच्या प्रतिनिधींपुढें मस्तक लवविलें. इंग्रजी सार्वभौम सत्ता डोक्यावर असल्यामुळें प्रयोगास मर्यादा होत्या, आणि ८ मार्च १९४८ रोजीं संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. परंतु येथें राजानें सत्ता सोडली ती कायद्याच्या स्वाधीन केली, आणि हाच भेद मोठा आहे.

आज आपल्याकडे राजा नाहीं, राष्ट्रपति आहेत. मंत्रिमंडळाचा सल्ला त्यांना बंधनकारक आहे, हें १९७६ च्या घटनादुरुस्तीनें स्पष्ट केलें. आणि तो सल्ला फेरविचारासाठीं एकदां परत पाठविण्याचा अधिकार १९७८ च्या दुरुस्तीनें दिला. इशारा देण्याचा हक्क तो हाच. पण इशारा ऐकणारा प्रधान कोणास तरी जबाबदार असेल, तरच त्या इशाऱ्यास अर्थ. शिक्का कोणाच्या हातीं आहे, हें आपण कौतुकानें पाहतों. ज्याच्या हातीं लेखणी आहे त्याला जाब कोण विचारतो, हें सांगोल्यास कोणीं विचारलें नाहीं. आपण मात्र तें नित्य विचारीत राहिलें पाहिजे.