टॅब्लेट गेममधील पडद्याची दिशा

गेम आडव्या पडद्यावर चालावा की उभ्या, आणि खेळताना टॅब्लेट फिरला तर चित्र, स्पर्श व सेन्सर यांचा मेळ कसा राखावा, याची तजवीज. फोन बहुधा उभाच धरला जातो. टॅब्लेट मांडीवर, टेबलावर, स्टँडवर कसाही असतो. त्यामुळे फोनवर खपून गेलेली चूक टॅब्लेटवर उघडी पडते.

सर्वांत जास्त चकवते ती उपकरणाची मूळ दिशा. अँड्रॉइडमध्ये शून्य अंश म्हणजे उभा पडदा नव्हे, तर निर्मात्याने त्या उपकरणाला ठरवून दिलेली दिशा. फोनची ती उभी असते. २०११ साली अँड्रॉइड ३.० घेऊन आलेल्या मोटोरोला झूमची आणि पुढच्या अनेक टॅब्लेटची मात्र आडवी. ॲक्सेलरोमीटरचे अक्ष याच दिशेला जखडलेले असतात, पडदा फिरला तरी ते फिरत नाहीत. उपकरण कलवून गोटी घरंगळवायचा गेम घ्या. तो फोनवर आडवा चालवण्यासाठी डेव्हलपर सेन्सरच्या य-अक्षाचा आकडा चिन्ह बदलून पडद्याच्या क्ष-अक्षाला देतो आणि क्ष-अक्षाचा आकडा य-अक्षाला. गोटी बरोबर धावते. तोच कोड झूमसारख्या टॅब्लेटवर चालवला, की टॅब्लेट उजवीकडे कलवावा आणि गोटी वर-खाली पळावी, असा घोळ होतो. म्हणून पडदा आडवा आहे का, हे विचारूच नये. मूळ दिशेपासून तो ०, ९०, १८० की २७० अंशांत आहे, हे सिस्टिमकडून घ्यावे आणि त्याप्रमाणे अक्ष व चिन्हे बदलावीत.

कलवून खेळायच्या अशा गेममध्ये डाव चालू असेपर्यंत दिशा कुलूपबंद ठेवणेच योग्य. नाहीतर ऐन वळणावर पडदा उलटतो. बाकीच्या आडव्या गेमनी दोन्ही आडव्या बाजू चालू द्याव्यात, कारण चार्जिंगची वायर ज्या बाजूला येते तिच्या उलट टॅब्लेट धरण्याची मुभा खेळणाऱ्याला हवी. अँड्रॉइड २.३ पासून ही सोय आहे. मात्र एका आडव्या बाजूवरून थेट दुसरीवर जाताना पडद्याची लांबी-रुंदी तीच राहते, त्यामुळे दिशाबदलाची नेहमीची सूचना येत नाही. अंश वेगळे तपासावे लागतात.

पडदा आडव्याचा उभा झाला, की अँड्रॉइड चालू ॲक्टिव्हिटी (ॲपचा समोर दिसणारा पडदा) मोडून नव्याने उभी करते. गुण, पातळी, शत्रूंच्या जागा जपून ठेवल्या नसतील तर डाव गेलाच. हा बदल आपण स्वतः हाताळू, असे ॲपच्या मॅनिफेस्ट फाइलमध्ये लिहिता येते. पण अँड्रॉइड ३.२ पासून तिथे दिशेबरोबर पडद्याच्या मापाचाही उल्लेख लागतो, आणि तो राहून जातो.

दिशा नेहमी गेमच ठरवतो असे नाही. आयपॅडवर खेळणारा ती स्वतःच कुलूपबंद करू शकतो. २०१० च्या पहिल्या आयपॅडला त्यासाठी कडेला बटणच होते.

अँड्रॉइड १६ (२०२५) ने ॲपने दिशा ठरवण्याचा नियम बदलला. या आवृत्तीला धरून बनवलेल्या ॲपने एकच दिशा मागितली, तरी ज्याची लहान बाजू ६०० डीपी (घनतेवर अवलंबून नसलेले पिक्सेल) वा अधिक आहे अशा पडद्यावर ती मागणी मानली जात नाही. गेमना सूट आहे, पण मॅनिफेस्टमध्ये ॲपचा वर्ग 'गेम' असा नोंदवलेला असेल तरच.