ईर्षेचा हिब्रू सोयरा

ईर्षा म्हणजे मत्सर. पण ‘ईर्षेने पेटून उठला’ म्हटले की मराठी माणसाला जिद्दही दिसते. हिब्रूतला ‘किना’ हा शब्द असाच दुहेरी. त्यावरूनच आला ‘कनाई’, धर्मासाठी पेटलेला माणूस. बायबलमधल्या पिनहास या कनाईने भाल्याने दोघांना भोसकले आणि देवाने त्याला शांतीचा करार दिला. पण तोरा हा यहुदी धर्मग्रंथ हाताने लिहिणारे लेखनिक आजही तिथल्या ‘शालोम’ (शांती) या शब्दातले ‘वाव’ अक्षर मधोमध तुटलेले लिहितात. ही खंडित रेघ मला फार बोलकी वाटते. तालमूद या यहुदी ग्रंथातले रब्बी, म्हणजे धर्मपंडित, तर म्हणतात, असा माणूस आधी विचारायला आला, तर त्याला तसे करायला सांगू नये.

रोमन वेढ्यात जेरुसलेमच्या कनाईंनी आपल्याच शहराची धान्यकोठारे जाळली, का, तर लोकांनी तह न करता लढावे म्हणून. दुष्काळ पडला, आणि इ. स. 70 मध्ये यहुदींचे मंदिरही गेले.

याच तालमूदमध्ये विद्वानांमधली किना मात्र हवीशी आहे, कारण तिने ज्ञान वाढते. हे वचन येते ते लहान मुलांना कोणता शिक्षक नेमावा, या चर्चेत.