किडा कुणाचा? कॅडबरी, 2003

जवळ डेअरी मिल्क असेल तर तिचं पाकीट जरा हातात घ्या. दोन्ही टोकं मशीनने घट्ट चिकटवलेली दिसतील. माझ्या लहानपणी हे असं नव्हतं. आत चांदी, वरून जांभळा कागद, बास. ती चांदी नखाने घासून गुळगुळीत करायची आणि वहीत ठेवायची, हा आमचा उद्योग.

हे पाकीट बदललं ते एका किड्यामुळे.

ऑक्टोबर 2003. दिवाळी तोंडावर आलेली. मुंबईत डेअरी मिल्कमध्ये अळ्या सापडल्याच्या तक्रारी आल्या. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, कंपनीच्या पुणे प्लांटमध्ये बनलेला माल जप्त केला. टीव्हीवर दिवसभर तेच. आणि तुम्हीच सांगा, चॉकलेट आणि अळी हे चित्र एकदा डोक्यात बसलं की जातं का?

कंपनी म्हणाली, कारखान्यात हे होऊच शकत नाही, दुकानदार माल नीट ठेवत नाहीत.

इथे मला थोडं घरचं सांगावं लागेल. आमचं किराणा दुकान होतं. ती बातमी ऐकून अप्पा भडकले. "म्हणजे किडे आम्ही घातले काय?" पण खरं सांगू? आमच्या दुकानात चॉकलेटचा बॉक्स तांदळाच्या पोत्याला टेकूनच असायचा. आणि तांदळाला सोंडे लागतात, हे काय कुणाला नव्याने सांगायचंय! त्यामुळे कंपनीचं म्हणणं अगदीच खोटं होतं असं मला वाटत नाही.

पण एफडीएचा मुद्दा जास्त सरळ होता. समजा, किडा दुकानातच शिरला. मग तो आत शिरू शकेल असं पॅकिंग कुणी केलं? भारतातली दुकानं कशी असतात, हे कंपनीला आधीपासून माहीत नव्हतं का? यावर उत्तर नव्हतं. ऐन सणाच्या दिवसांत विक्री जवळपास 30 टक्क्यांनी पडली. जाहिराती काही आठवडे बंदच ठेवल्या.

मग सूर बदलला. 'प्रोजेक्ट विश्वास' सुरू झाला. ज्या दुकानदारांवर बोट दाखवलं होतं, त्यांच्याकडेच कंपनीची माणसं गेली आणि माल कसा ठेवायचा ते समजावू लागली. सुमारे 15 कोटींची नवी मशिनरी आणली. जानेवारी 2004 मध्ये नवं सीलबंद पाकीट आलं. ते 10 ते 15 टक्के महाग पडत होतं, तरी चॉकलेटची किंमत वाढवली नाही. आणि या सगळ्यानंतर जाहिरातीत आले अमिताभ बच्चन.

लोकांना आज बच्चनच आठवतात. केबीसीमुळे तेव्हा घराघरात त्यांच्या शब्दाला वजन होतं, हे खरंच. पण पाकीट तेच जुनं असतं, तर पुढच्या पावसाळ्यात काय झालं असतं? पुन्हा एक अळी निघाली असती, तर बच्चनसुद्धा काय करणार होते?

आमच्याकडे नव्या पाकिटांचा पहिला बॉक्स आला, तेव्हा अप्पांनी एक पाकीट दोन्ही बाजूंनी ओढून बघितलं. "हे आधी सुचलं नाही होय यांना?" असं पुटपुटले. मग काही न बोलता बॉक्स उचलला आणि पोत्यांपासून लांब, गल्ल्याशेजारी नेऊन ठेवला.