चाकोरी आणि चेंबर : छोट्या गाडीची उंची वाढविण्यामागचा इतिहास

१/ पावसाळ्यात पारोळ्याहून एखाद्या आडगावाकडे छोटी मोटार निघाली की पहिल्या दोन-तीन मैलांतच गाडीच्या पोटाखालून खर्रकन आवाज येतो. चालक दचकून म्हणतो, "चेंबर लागलं!" मग गॅरेज गाठले जाते आणि मिस्तरीला सांगितले जाते, "भाऊ, गाडी थोडी उचलून द्या." या साध्या वाक्यामागे दोनशे वर्षांचा इतिहास आहे. आजचा धागा त्याविषयी.

२/ आधी शब्द समजून घेऊ. चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाशी असलेले, तेल साठविणारे भांडे. छोट्या गाडीच्या तळाचा हा सर्वांत नाजूक भाग. तो दगडावर आपटून फुटला तर तेल वाहून जाते आणि तशीच गाडी पुढे दामटली तर काही मिनिटांत इंजिन जाम होते. गाडीचा सर्वांत खालचा भाग आणि जमीन यांमधील अंतराला ग्राउंड क्लिअरन्स म्हणतात. पुढची सारी कथा या वीतभर अंतराची आहे.

३/ आता भूमी. खानदेशातील काळी माती कपाशीला जितकी मानवते, तितकीच ती वाटेला जाचते. पाणी पिऊन ती फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. अशा मातीवर पक्का थर न घालता केलेली वाट एका पावसाळ्यात मोडते. बोरी नदीच्या खोऱ्यातील शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. त्याचे बैल गुडघाभर चिखलातून गेलेले आहेत.

४/ याच भूमीवर पारोळे वसले. जहागीरदार हरि सदाशिव दामोदर यांनी अठराव्या शतकात पन्नास घरांच्या खेड्याचे तटबंदीचे गाव केले आणि भुईकोट किल्ला उभारला. किल्ल्याचे बांधकाम १७२७ चे मानले जाते. गावाला तट लाभला, खंदक लाभला. मात्र गावाबाहेर पक्की सडक नव्हती. त्या काळी देशावरचा बराचसा माल लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून जाई. पाठीवर गोणी लादलेल्या बैलाला चाकोरी लागत नाही.

५/ १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज येथे पोलिटिकल एजंट म्हणून आले. फिरिश्त्याच्या फारसी इतिहासाचा इंग्रजी अनुवाद करणारे ते हेच. १८२१ मध्ये पारोळ्यात त्यांच्या खुनाचा प्रयत्न झाला. पुढे १८५७ च्या उठावात पारोळ्याच्या जहागीरदारांवर राजद्रोहाचा ठपका आला, १८५९ मध्ये जहागीर जप्त झाली आणि किल्ला निकामी करण्यात आला.

६/ तट पडले आणि सडका आल्या. मुंबई–आग्रा मार्ग नाशिक, मालेगाव, धुळे, शिरपूर असा सातपुड्याकडे गेला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मँचेस्टरच्या गिरण्यांना भारतीय कापूस हवा झाला आणि खानदेशातील प्रत्येक गाठ बंदरापर्यंत पोहोचविण्याला मोल आले. लमाणांचे तांडे मागे पडले आणि बैलगाडीचे युग अवतरले.

७/ बैलगाडीची रचना पाहा. सुमारे साडेचार-पाच फूट व्यासाचे लाकडी चाक, त्यावर लोखंडी धाव. चाकाच्या मध्यातून आख जातो, म्हणून आखाखाली दोन-सव्वादोन फूट मोकळी जागा राहते. वाट कितीही खोल गेली तरी गाडीचे पोट घासत नाही. निराळे सस्पेन्शन न देता केवळ चाकाच्या आकाराने सुताराने हा प्रश्न सोडविला होता.

८/ या उत्तराने मात्र पुढच्या पिढ्यांसाठी नवा प्रश्न निर्माण केला. अरुंद लोखंडी धाव मऊ मातीत सुरीसारखी रुतते. एकामागून एक गाड्या त्याच रेषेवरून जातात आणि दोन खोल चर पडतात. हीच चाकोरी. दोन चरांच्या मधला भाग न तुडवता उंचवटा होऊन राहतो. मोटारीचे पोट नेमके या उंचवट्यावरून जाते. आजही शेतरस्त्यावर चेंबर फोडतो तो बहुधा हाच उंचवटा. ट्रॅक्टरच्या भारी चाकांनी तर चर अधिक खोल केले आणि मधला वरंबा अधिक उंच.

९/ हा केवळ आपला प्रश्न नव्हता. १९०८ मध्ये अमेरिकेत फोर्डची मॉडेल टी आली तेव्हा तिथले ग्रामीण रस्ते असेच होते. म्हणून ती गाडी उंच पायांची केली गेली. तिच्या पोटाखाली सुमारे दहा इंच मोकळी जागा होती. दक्षिणेतील राज्यांत घोडागाड्यांची चाकोरी अधिक रुंद असे. तिच्यात चाके बसावीत म्हणून फोर्डने काही वर्षे नेहमीच्या ५६ इंचांऐवजी चाकांमध्ये ६० इंच अंतर असलेली मॉडेल टीही विकली. कारखान्याने चाकोरीपुढे मान तुकविल्याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण नाही.

१०/ फ्रान्समध्ये सित्रोएन कंपनीचे प्रमुख पिएर बुलांजे यांनी शेतकऱ्यांसाठी स्वस्त गाडी मागितली. तिची कसोटी प्रसिद्ध आहे : अंड्यांची टोपली ठेवून नांगरलेल्या शेतातून गाडी नेली तरी अंडे फुटता कामा नये. १९४८ मध्ये ती टू सीव्ही या नावाने पॅरिसच्या प्रदर्शनात अवतरली. खराब वाटेचा विचार आरेखनाच्या टेबलावरच झाला होता. तो गावच्या मिस्तरीवर सोडलेला नव्हता.

११/ आपल्याकडे काय झाले? हिंदुस्तान मोटर्सची अँबॅसडर मुळात इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्स फियाट बांधत असे. ही कंपनी सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेली. दोन्ही गाड्यांना मागे पाटे होते. पाटे बसले की लोहाराकडे नेऊन त्यांना पुन्हा बाक द्यायचा, एखादा जादा पाटा चढवायचा, ही विद्या गावोगावी पसरली. ट्रकच्या आणि टांग्याच्या कमानपाट्यांवर हात बसलेल्या कारागिराला ती नवी नव्हती.

१२/ डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि मध्यमवर्गाच्या दारात मोटार उभी राहिली. ग्राउंड क्लिअरन्स सुमारे १७० मिलिमीटर, चाके अवघी बारा इंची रिमची. तिच्या १४५/७० आर १२ या टायरचा व्यास सुमारे ५०८ मिलिमीटर भरतो, म्हणजे चाकाचा मध्यबिंदू जमिनीपासून दहा इंचांवर. गंमत पाहा, मॉडेल टीच्या पोटाखाली जेवढी मोकळी जागा होती, तेवढ्याच उंचीवर मारुतीच्या चाकाचा मध्य आहे. शिवाय लहान चाक खड्ड्यात अधिक खोल उतरते आणि पाच माणसे बसली की स्प्रिंग दबून ते १७० मिलिमीटरही कमी होतात.

१३/ मग गाडी उचलायची कशी? वाटा तीन. पहिली, मोठे टायर. १४५/७० ऐवजी १४५/८० घातले तर व्यास २९ मिलिमीटरने वाढतो; उंची मात्र त्याच्या निम्मीच, साधारण १४ ते १५ मिलिमीटर मिळते. स्पीडोमीटर साठ दाखवील तेव्हा गाडी तेसष्ट-चौसष्टने धावत असेल. दुसरी, पुढच्या शॉकअपच्या माथ्याशी स्पेसर बसविणे. तिसरी, स्प्रिंगच्या वेढ्यांत रबरी बफर अडकविणे किंवा पाटा वाढविणे.

१४/ प्रत्येक वाटेला जकात आहे. स्पेसरमुळे चाकाकडे जाणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढतो आणि सांधे लवकर झिजतात. चाकांचा कल बदलतो. अलाइनमेंट पुन्हा केली नाही तर टायर एका कडेने खाल्ले जातात. बफर आणि जादा पाटा यांनी गाडी ताठ होते, रिकामी असताना उडते. सर्वांत गंभीर म्हणजे गुरुत्वमध्य वर जातो आणि वेगात वळताना गाडी अधिक कलते. खेड्याच्या वाटेवर जे अंतर वाचविते, तेच महामार्गावर धोक्याचे ठरू शकते. आणखी एक : मागे सलग आख असलेल्या गाडीत पाटा वाढविल्याने आखावरचा सांगाडा उचलला जातो. आख होता तिथेच राहतो. तो उंच होतो केवळ मोठ्या टायरने.

१५/ कायदाही लक्षात ठेवावा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ सांगते की नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने ठरविलेल्या मूळ तपशिलाहून वेगळे होतील असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा कडक अर्थ लावला. त्यामुळे मिस्तरीकडे जाण्यापूर्वी हे कलम वाचलेले बरे.

१६/ आता मूळ प्रश्न. वाट सुधारायची की गाडी उचलायची? या प्रश्नाचे पहिले पद्धतशीर उत्तर एका मराठी माणसाच्या नावाने ओळखले जाते. १९२७ मध्ये रस्तेविकासाचा विचार करण्यासाठी समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते मुकुंदराव जयकर, जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. समितीचे म्हणणे असे : मोटारवाला जे पेट्रोल जाळतो त्यावर जादा कर घ्यावा आणि तो पैसा रस्त्यांसाठी राखून ठेवावा. त्यातून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी स्थापन झाला आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस.

१७/ डिसेंबर १९४३ मध्ये नागपुरात मुख्य अभियंत्यांची परिषद भरली. तिने वीस वर्षांची योजना आखली. राष्ट्रीय महामार्गापासून ग्रामरस्त्यापर्यंतची वर्गवारी रूढ झाली ती तेथून. विकसित शेतीप्रदेशातील कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून अधिक दूर असू नये, असे तिचे उद्दिष्ट होते. पारोळ्याला यातून राष्ट्रीय महामार्ग ६ लाभला, तोच आजचा ५३. महामार्गापासून पाच मैल आत राहणाऱ्याची वाट मात्र कच्चीच राहिली. योजनेच्या हिशेबात तो पोहोचलेला होता. त्याच्या घरापर्यंत पक्की सडक पोहोचली नव्हती.

१८/ १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा महाराष्ट्राने रोजगार हमीचा मार्ग स्वीकारला. हजारो स्त्री-पुरुषांनी खडी फोडली, मुरूम टाकला, रस्ते बांधले. आजच्या कितीतरी गावरस्त्यांचा पहिला थर त्या हातांनी घातलेला आहे. डिसेंबर २००० मध्ये प्रधानमंत्री ग्रामसडक योजना आली आणि सपाट प्रदेशातील पाचशेहून अधिक लोकवस्तीच्या तुटलेल्या वस्त्यांना बारमाही रस्ता देण्याचे ठरले. जयकर समितीपासून येथवर त्र्याहत्तर वर्षे गेली होती.

१९/ दरम्यान, ग्राउंड क्लिअरन्स करखात्याच्याही दप्तरी नोंदला गेला. २०१३ च्या अर्थसंकल्पात एसयूव्ही गाड्यांवरील उत्पादनशुल्क २७ वरून ३० टक्के झाले. अशी गाडी ओळखायची कशी? लांबी चार मीटरपेक्षा जास्त, इंजिन १५०० सीसीपेक्षा मोठे आणि ग्राउंड क्लिअरन्स १७० मिलिमीटर किंवा अधिक. डिसेंबर २०२२ मध्ये जीएसटी परिषदेनेही हेच निकष धरले. छोट्या गाड्या लांबीमुळे या जाळ्यातून सुटल्या. तरीही विरोधाभास पाहावा : जी उंची कायद्याच्या लेखी चैनीची एक खूण, तीच कच्च्या वाटेवरच्या माणसाची किमान गरज.

२०/ म्हणून गॅरेजातील त्या स्पेसरकडे मी ऐतिहासिक दस्तऐवज म्हणून पाहतो. जयकर समितीचे सूत्र साधे होते : वाहनधारकाने कर द्यावा, राज्याने रस्ता द्यावा. रस्ता मिळाला नाही की वाहनधारक तीच किंमत दुसऱ्यांदा मोजतो : स्पेसरच्या पैशांत, झिजलेल्या सांध्यांत, वळणावरच्या धोक्यात. या दुसऱ्या कराची पावती कोणी देत नाही आणि त्याची बेरीज कुठल्याही अंदाजपत्रकात येत नाही.

२१/ आणि हा कर सर्वांवर सारखा बसत नाही. ज्याला परवडते तो उंच गाडी घेतो. ज्याला परवडत नाही तो जुनी मारुती उचलून घेतो. ज्याच्याकडे तीही नाही, तो काळी-पिवळी जीपची वाट पाहत फाट्यावर उभा राहतो. रात्री-अपरात्री बाळंतीण स्त्रीला पारोळ्याच्या दवाखान्यात न्यायचे असते तेव्हा गाडीखालच्या त्या दोन बोटे अंतराला काय मोल असते, हे ज्याच्या घरी प्रसंग आला त्यालाच ठाऊक.

२२/ मराठीत 'चाकोरीबाहेर जाणे' हे आपण कौतुकाने म्हणतो. पण ज्याची चाके खऱ्या चाकोरीत अडकली आहेत, त्याला बाहेर पडायला कौतुक पुरत नाही. खडी, मुरूम आणि रोलर लागतो. पुढच्या वेळी किल्ला पाहायला पारोळ्याला जाल तेव्हा तटाबरोबर आतल्या गावांकडे फुटणाऱ्या वाटाही पाहा. दोन चर आणि मधला वरंबा दिसला तर थांबा. तो इतिहास अजून चालू आहे.

तुमच्या गावाला पक्की सडक कोणत्या साली आली? घरातील वडीलधाऱ्यांना विचारा आणि खाली अवश्य लिहा.