तानशाचें पाणी

अंजूरचें नांव इतिहासांत येतें तें गंगाजी नाईक अंजूरकरांमुळें. वसईची मोहीम आणि १७३९ मधील चिमाजी आप्पांचा विजय आपणां सर्वांस परिचित आहे. परंतु अंजूर ज्या भिवंडी तालुक्यांत आहे त्यांतूनच दुसरा एक इतिहास जमिनीलगत गेलेला आहे, आणि वाटसरू त्याच्याकडे मान वळवूनही पाहत नाहीं. तो म्हणजे तानसा तलावाचें पाणी मुंबईस नेणारा नळ.

इंग्रजी स्थापत्याचा विषय निघाला कीं मुंबईकर बोरीबंदरच्या घुमटाकडे बोट दाखवितो. मला हा बिनघुमटाचा नळच अधिक बोलका वाटतो. मुंबई बेटावरील विहिरी व तळीं वाढत्या वस्तीस पुरेनात, तेव्हां हेन्री कॉनिबेअर यांच्या योजनेनें १८६० मध्यें विहार तलावाचें पाणी ३२ इंची बिडाच्या नळांतून शहरांत आलें. १८७९ मध्यें तुळशी तलाव झाला, तरी तहान भागेना. अखेर १८९२ मध्यें तानसा. सुमारें पावणेदोन मैल लांबीचें हें धरण दगडाचें आणि चुन्याचें आहे.

खरी युक्ति पुढेंच आहे. पन्नास मैलांहून अधिक वाट हें पाणी तोडतें तें पंपाच्या बळावर नव्हे, केवळ उतारावर. डोंगर आडवा आला तर बोगदा, दरी किंवा खाडी आली तर नळ. त्या काळीं बिडाचे नळ जोडावयाचे म्हणजे एकाचें टोंक दुसऱ्याच्या रुंद तोंडांत बसवावयाचें, फटींत ताग ठासावयाचा, वर वितळलेलें शिसें ओतावयाचें आणि तें निवलें कीं ठोकून ठोकून घट्ट करावयाचें. असे सांधे किती लागले असतील! फलकांवर नांवें येतात तीं लाटसाहेबांचीं व इंजिनिअरांचीं. हातोडी धरणाऱ्यांचीं येत नाहींत.

आगगाडी १८५४ मध्यें कल्याणास पोंचली ती उल्हास नदीच्या दक्षिणेनें; अंजूरची बाजू तिनें टाळली. नळानें तालुका टाळला नाहीं, परंतु योजना मुंबईची, पैसा मुंबई म्युनिसिपालिटीचा आणि पाणीही मुंबईचें. शेजारून गोडें पाणी वाहत असतां विहिरीवर पोहरा सोडून बसणें हा या टापूचा जुना अनुभव. पुढें १९२५ च्या सुमारास ७२ इंची पोलादी नळांची जोडी टाकण्यांत आली, तीही मुंबईसाठींच.