खादी आणि कापडी पिशवी

भगिनींनो, दुकानात दोन वस्तू शेजारी शेजारी असताना बाई त्यातली महाग वस्तू का उचलते, हा प्रश्न मला आपल्या मंडळाच्या पिशव्यांमुळे पडला. विचार करू लागले तसे मन फैजपूरला गेले.

२७ व २८ डिसेंबर १९३६ रोजी यावल तालुक्यातील फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेडेगावात भरलेले ते पहिलेच. अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू. गांधीजींच्या सांगण्यावरून चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या गावच्याच साहित्यातून टिळकनगर सजविले. खादी व ग्रामोद्योगांचे प्रदर्शनही होते. धनाजी नाना चौधरी, साने गुरुजी यांनी अधिवेशनासाठी अपार कष्ट घेतले.

आता गंमत अशी, की त्याच सुमारास खादी आणखी महागली होती. १९३५ साली गांधीजींच्या आग्रहाने चरखा संघाने सूत कातणाऱ्यांची मजुरी वाढविली. कातणाऱ्या बहुतेक बायाच. गिरणीचे कापड स्वस्त आणि तलम, अमळनेरची गिरणी तर आपल्या दारातच. तरी खादी घेणारे होते. देशभक्ती होतीच, पण मला वाटते, नुसत्या देशभक्तीने रोजचे लुगडे घेतले जात नाही. आपला पैसा कोणाच्या हाती जातो ते दिसत होते, आणि गावातली मानाची माणसे तेच कापड वापरीत होती. आमच्या धुळ्याकडच्या आजेसासूबाई तर एवढेच म्हणत, "जाडं से, पन टिकस."

कायद्याचे म्हणाल, तर २३ मार्च २०१८ रोजी राज्यात प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आली. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड! तेव्हा जळगावच्या भाजीबाजारात जिच्या तिच्या हाती कापडी पिशवी. धाक ओसरला तशा त्या घडी होऊन पुन्हा कपाटात गेल्या. माझीही गेली, खोटे कशाला सांगू?

आपण पहिल्या पिशव्या शिवल्या तेव्हा त्यांवर 'पर्यावरण वाचवा' असे छापले होते. फारशा खपल्या नाहीत. मग तळाला दुहेरी कापड लावले. भरताची पाच किलो वांगी घातली तरी बंद उसवला नाही, तेव्हा शेजारणी आपणहून मागायला आल्या. पुढे शिवणाऱ्या भगिनी स्वतःच विकायला बसू लागल्या, आणि घासाघीसही थांबली.

यंदा पिशवीमागे शिलाई पाच रुपयांनी वाढवावी, असे त्यांचे म्हणणे आहे. म्हणजे किंमतही वाढणार. कार्यकारिणीत अजून ठरलेले नाही. माझे मत मी वाढीच्या बाजूने दिले आहे.